टीएमटी पॉझिटिव्ह, तक्रार ‘नाही’: एका यंत्रमागधारकाचं प्रकरण

हे प्रकरण रुग्णाच्या परवानगीने लिहितो आहे. ओळख पटू नये म्हणून वय, घरची माणसं आणि काही तपशील थोडे बदलले आहेत. तपासण्यांचे आकडे आणि निर्णय कोणत्या क्रमाने झाले ते तसंच ठेवलं आहे. मी इचलकरंजी भागात फिजिशियन आहे, हृदयरोगतज्ज्ञ नाही. त्यामुळे कॅथलॅबच्या, म्हणजे अँजिओग्राफी होते त्या खोलीच्या, आतलं काम माझं नाही. रिपोर्ट हातात घेऊन घाबरलेली माणसं पहिल्यांदा जिथे येऊन बसतात, ती खुर्ची माझ्यासमोर असते.

पार्श्वभूमी

रुग्णाला आपण अण्णा म्हणू. वय ५७. चोवीस माग, सगळं जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्याचं सूत मजुरीवर विणून देणं. पहाटे कारखान्यात, दुपारी जेवायला घरी, संध्याकाळी पुन्हा कारखान्यात. कामगार कमी पडला की बीम (सूत गुंडाळलेला जड रूळ) उचलायला स्वतः हात लावणारा माणूस. सहा वर्षांपासून मधुमेह, त्यावर मेटफॉर्मिनची एक गोळी. रक्तदाब ‘थोडा जास्त असतो’ एवढंच माहीत, गोळी नाही. तंबाखू-चुना विसाव्या वर्षापासून. थोरला भाऊ ४९ व्या वर्षी झोपेत गेला. शवविच्छेदन झालं नव्हतं, पण घरात सगळे ‘अटॅकनं गेला’ असंच म्हणतात, आणि तसं असण्याची शक्यता मोठी आहे.

तीन वर्षांपूर्वी एका डॉक्टरांनी त्यांना कोलेस्टेरॉलची गोळी लिहून दिली होती. व्हॉट्सॲपवर ‘ही गोळी लिव्हर खाते’ असा व्हिडिओ आला आणि दोन महिन्यांत गोळी बंद झाली. पुन्हा त्या डॉक्टरांकडे जाणं झालं नाही.

श्रावणात एका मंडळाने हृदयरोग तपासणी शिबिर ठेवलं. एका खासगी रुग्णालयाचं पथक आलं होतं. रक्तदाब, साखर, ईसीजी आणि ज्यांचं वय पन्नाशीच्या पुढे त्यांना सवलतीत टीएमटी, म्हणजे पट्ट्यावर चालवून काढायचा कार्डिओग्राम. अण्णा मेहुण्याच्या आग्रहाने गेले. फॉर्मवर ‘छातीत दुखणे, दम लागणे’ या रकान्यात त्यांच्या वतीने कोणीतरी ‘नाही’ लिहिलं. त्या एका शब्दाने पुढे बराच घोळ घातला.

अडचण

टीएमटीचा रिपोर्ट असा होता: ब्रूस प्रोटोकॉल (दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ वाढवायची ठरलेली पद्धत), ७ मिनिटं १० सेकंद चालले. कमाल ठोके १४१. वयानुसार लक्ष्य १३९. थकल्यामुळे थांबवलं, छातीत दुखलं नाही. रक्तदाब चढत चढत १७८ पर्यंत गेला. पाचव्या मिनिटापासून कार्डिओग्रामच्या रेषेतला एसटी नावाचा भाग खाली जायला लागला, शेवटी व्ही-४ ते व्ही-६ मध्ये (छातीवर डावीकडे लावलेल्या तारांत) २ मिलिमीटर आडवा उतरलेला, थांबल्यावर चौथ्या मिनिटाला पूर्ववत. खाली ठळक अक्षरात: ‘स्ट्राँगली पॉझिटिव्ह फॉर इंड्युसिबल इस्किमिया. अँजिओग्राफी ॲडव्हाइज्ड.’ म्हणजे श्रमाने हृदयाला रक्त कमी पडत असल्याची दाट शंका, अँजिओग्राफी करावी.

पथकातल्या समन्वयकाने तिथेच सांगितलं: उद्या ॲडमिट व्हा, अँजिओग्राफी करू, ब्लॉक असेल तर त्याच टेबलवर स्टेंट टाकून घेऊ, पॅकेजमध्ये बसवून देतो. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा, त्यांची पत्नी, मेहुणा आणि पुण्याहून रात्रीच्या गाडीने आलेला मुलगा असे चौघे माझ्यासमोर. प्रश्न एकच: आज दाखल व्हायचं की नाही?

रिपोर्टवरचा ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द लोक निकाल म्हणून वाचतात. टीएमटी तेवढी खात्रीची तपासणी नाही. १९८९ मध्ये १४७ अभ्यासांमधल्या सुमारे चोवीस हजार रुग्णांचा एकत्रित हिशेब प्रसिद्ध झाला. त्यात ज्यांच्या रक्तवाहिन्यांत खरोखर मोठा अडथळा होता अशा शंभरातले ६८ टीएमटीने पकडले, आणि ज्यांच्यात नव्हता अशा शंभरातल्या ७७ जणांना तिने बरोबर सोडून दिलं. म्हणजे दोन्ही बाजूंनी चुकायला भरपूर जागा. मग रिपोर्टला किती वजन द्यायचं हे तो कोणाचा आहे यावर ठरतं.

त्याच शिबिरातली ३६ वर्षांची एक बाई त्याच आठवड्यात माझ्याकडे आली, तिचाही रिपोर्ट ‘पॉझिटिव्ह’. तंबाखू नाही, साखर नाही, घरात कोणाला हृदयविकार नाही, हिमोग्लोबिन ७.९. रक्त कमी असलं की कार्डिओग्रामच्या पट्टीवर असे बदल दिसू शकतात, आणि तिच्या वयाच्या बाईत एरवीही ते फसवे निघण्याची शक्यताच जास्त. लोहाचा कोर्स पूर्ण झाल्यावर स्ट्रेस इको (ताण देऊन केलेली हृदयाची सोनोग्राफी) केली, ती नॉर्मल आली. अँजिओग्राफी लागली नाही. अण्णांचं तसं नव्हतं. पुरुष, ५७ वर्षं, मधुमेह, तंबाखू, भावाची गोष्ट: इथे पॉझिटिव्ह रिपोर्ट बहुधा खराच असणार होता. प्रश्न होता तो धोका किती आणि घाई किती याचा.

पहिला निर्णय: नीट विचारणं

रिपोर्ट बाजूला ठेवून मी तक्रारींकडे वळलो.

“छातीत काही होतं का, अण्णा?”

“काय नाही ओ डॉक्टर. जेवल्यावर जरा गॅस धरतोय.”

“जेवल्यावर बसून असताना, की कारखान्यात जाताना?”

“जाताना. चालत जातोय की मी. हितं आवळल्यासारखं होतंय, थांबलं की जातंय.” हाताची मूठ छातीच्या मध्यावर.

वहिनी, म्हणजे अण्णांच्या पत्नी, म्हणाल्या, “चैत्रात ज्योतिबाला गेलो तेव्हा पायऱ्यांवर दोनदा थांबले हे. म्हणाले, चप्पल सैल झालीय.”

चालल्यावर आवळतं, थांबलं की दोन-तीन मिनिटांत जातं, जेवणानंतर लवकर येतं. अंजायना, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडल्याने होणारं दुखणं, त्याचं याहून स्वच्छ वर्णन पाठ्यपुस्तकातही सापडणार नाही. फॉर्मवरचं ‘नाही’ खोटं होतं, आणि ते कोणी मुद्दाम लिहिलं नव्हतं. त्यांनी दुखण्याला गॅस म्हटलं, आणि लिहिणाऱ्याने पुढे विचारलं नाही.

यानंतर त्याहून महत्त्वाचे प्रश्न. बसल्याजागी दुखतं का? रात्री जाग येते का? गेल्या काही आठवड्यांत वाढलंय का, कमी चालण्याने येऊ लागलंय का? तिन्हीला ‘नाही’, पाच-सहा महिने एकसारखंच. यातल्या एकाचंही उत्तर ‘हो’ आलं असतं तर हा लेख इथेच संपला असता, कारण तेव्हा त्याच दिवशी दाखल करणं हाच मार्ग. साधा ईसीजी नॉर्मल, इकोत हृदयाचं आकुंचन ६० टक्के, कुठलीही भिंत मंद नाही.

मग टीएमटीवरून धोका किती ते सांगणारा ड्यूक स्कोअर मी कागदावर काढला. हिशेब सोपा आहे: ब्रूस प्रोटोकॉलवर जितकी मिनिटं चालले त्यातून एसटी किती मिलिमीटर उतरला त्याची पाचपट वजा करायची, आणि चालताना दुखलं असेल तर आणखी चार, दुखण्यामुळेच थांबावं लागलं असेल तर आठ. अण्णांचे ७.२ वजा १० म्हणजे उणे २.८. अधिक ५ किंवा वर असेल तर धोका कमी, उणे ११ किंवा खाली असेल तर जास्त. हे मधल्या गटात.

मुलाला मी विचारलं, चालताना बाबांनी पुढचा दांडा धरला होता का? तो हजर नव्हता, पण मेहुणा म्हणाला, “धरला होता म्हणजे काय, लोंबकळतच होते.” अण्णांनी आयुष्यात पहिल्यांदा पट्टा बघितला होता, तोही चपला काढून अनवाणी. दांडा घट्ट धरला की अंगावर भार कमी येतो आणि माणूस आहे त्याहून जास्त तगडा दिसतो. म्हणून ती सात मिनिटं मी थोडी कमीच धरली. दुसऱ्या बाजूला, रक्तदाब चालताना खाली आला नाही ही चांगली खूण होती. तो घसरला असता तर मुख्य वाहिनीच्या तोंडाशी अडथळा असण्याची भीती वाढते.

पर्याय आणि घरातलं मत

चार वाटा होत्या.

पहिली, शिबिरात सांगितलेली: सरळ अँजिओग्राफी, लागला तर तिथेच स्टेंट. मेहुण्याचं मत हेच. “एकदा करून मोकळं व्हा.” यात एक अडचण लोकांना आधी दिसत नाही. रुग्ण टेबलवर, हातात नळी, बाहेर काचेआड नातेवाईक. पडद्यावर अडथळा दाखवून विचारतात, करायचं ना? त्या क्षणी ‘नाही’ म्हणणारा नातेवाईक मी अजून पाहिलेला नाही. आणि अण्णांना मधुमेह होता. समजा तिन्ही वाहिन्यांत मोठे अडथळे निघाले असते, तर स्टेंटपेक्षा बायपास सरस ठरण्याची शक्यता होती. मधुमेही रुग्णांवरच्या १,९०० जणांच्या फ्रीडम चाचणीत २०१२ साली तसंच दिसलं: बायपासच्या गटात मृत्यू आणि हार्ट अटॅक कमी, पक्षाघात मात्र थोडे जास्त. अशी निवड काचेआडून दोन मिनिटांत होत नाही.

दुसरी, सीटी अँजिओग्राफी: शिरेत रंगद्रव्य सोडून स्कॅन. दाखल व्हावं लागत नाही. डाव्या मुख्य वाहिनीत अडथळा आहे का, हे ती चांगलं सांगते.

तिसरी, स्ट्रेस थॅलियम किंवा स्ट्रेस इको. हृदयाच्या कोणत्या भागाला, किती रक्त कमी पडतं हे त्यातून कळतं. वाहिनीचा नकाशा मिळत नाही.

चौथी, गोळ्या सुरू करून बघणं, आणखी तपासणी नाही. मुलगा रात्रभर वाचत बसला होता आणि त्याचा कल इकडे होता.

पाचवीही आली होती, भाऊबंदांकडून: अर्जुनाच्या सालीचा काढा, आणि ‘नळी न घालता ब्लॉक विरघळवणारी’ सलाइनची उपचारपद्धती, तिचं माहितीपत्रकही सोबत. ब्लॉक सलाइनने विरघळत नाहीत. काढ्याबद्दल मी एवढंच म्हटलं की गोळ्या बंद करून त्यावर राहायचं नाही.

मुलाच्या वाचनात जी चाचणी आली होती ती इस्किमिया, निकाल २०२० मध्ये प्रसिद्ध. ३७ देशांतले ५,१७९ रुग्ण, भारतातलेही बरेच; सगळ्यांच्या स्ट्रेस तपासणीत मध्यम किंवा तीव्र दोष. निम्म्यांना चांगली औषधं आणि लगेच अँजिओग्राफी करून स्टेंट किंवा बायपास, उरलेल्यांना आधी फक्त औषधं. साधारण सव्वातीन वर्षांत मृत्यू आणि हार्ट अटॅक यांत ठोस फरक पडला नाही. ज्यांना वारंवार अंजायना होत होता त्यांचं दुखणं मात्र स्टेंट-बायपासच्या गटात स्पष्टपणे जास्त कमी झालं. मुलाने पहिलं वाक्य बरोबर वाचलं होतं, दुसरं सोडून दिलं होतं. आणि तिसरी गोष्टही: डाव्या मुख्य वाहिनीत अडथळा असलेल्यांना, पंपिंग फार कमी असलेल्यांना आणि औषधं घेऊनही दुखणं असह्य असलेल्यांना त्या चाचणीत घेतलंच नव्हतं. बहुतेकांचं आधी सीटी करून मुख्य वाहिनी मोकळी असल्याची खात्री केली होती. म्हणून ‘गोळ्या पुरेत’ हे म्हणायचा हक्क मिळवायला आधी ती खात्री हवी.

ठरलं ते असं: औषधं आजच, सीटी अँजिओग्राफी आठवड्याभरात, टेबलवरचा निर्णय नको.

काय केलं

त्याच दिवशी ॲस्पिरिन ७५, कोलेस्टेरॉलसाठी रोसुवास्टॅटिन २०, ठोके कमी करायला मेटोप्रोलॉल २५. जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट ५ खिशात, ती घेताना बसून घ्यायची. मेहुण्याला आणि मुलाला बाहेर पाठवून अण्णांना एक प्रश्न खासगीत विचारला: ‘ताकदीच्या’ गोळ्या कधी घेता का? सिल्डेनाफिलसारखी गोळी आणि सॉर्बिट्रेट एकत्र आले तर रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत कोसळतो, आणि हे घरच्यांसमोर कोणी कबूल करत नाही. घेत नव्हते. वहिनींना सांगितलं: दुखणं पाच मिनिटं थांबून आणि एक गोळी जिभेखाली ठेवूनही गेलं नाही, किंवा बसल्याजागी आलं, तर मला फोन करत बसू नका, १०८ ला करा.

रक्ततपासणीत एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १४२, एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ८.४, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारं) १.०. क्रिएटिनिन बघणं सीटीच्या रंगद्रव्यासाठी गरजेचं होतं.

सीटी कोल्हापुरात झाली, खर्च दहा हजारांच्या आसपास, खिशातून. विमा ओपीडीतल्या तपासणीचा खर्च सहसा देत नाही. ठोके साठच्या जवळ आणल्याशिवाय चित्र हलतं, म्हणून मेटोप्रोलॉल आधी वाढवलं होतं. अण्णा नंतर म्हणाले, “श्वास धरा म्हणालं आणि अंगातनं गरम पाणी सोडल्यागत झालं, बास.” रंगद्रव्य गेल्यावर तसं वाटतंच.

रिपोर्ट: कॅल्शियम स्कोअर (वाहिन्यांच्या भिंतीत साठलेल्या कॅल्शियमचं माप) २१२. डावी मुख्य वाहिनी स्वच्छ. पुढची वाहिनी, म्हणजे एलएडी, मध्यावर ५० ते ६० टक्के अडथळा. सर्कमफ्लेक्स, म्हणजे डावीकडून मागे वळणारी वाहिनी, ३० टक्के. उजवी वाहिनी मध्यावर ८० टक्के.

दुसरा निर्णय: ८० टक्के घेऊन फिरायचं का?

इथे दोन हृदयरोगतज्ज्ञांनी दोन मतं दिली, आणि माझ्या मते दोन्ही रास्त होती. पहिले म्हणाले, दुखणं आहे, अडथळा आहे, उजव्या वाहिनीत स्टेंट टाकून घ्या. दुसरे म्हणाले, माणसाने आजवर एकही गोळी धड घेतलेली नाही. तीन महिने पूर्ण औषधं देऊ, दुखणं राहिलं तर स्टेंट.

घरात मात्र एकच वाक्य घुमत होतं: ऐंशी टक्के! त्यात मार्गशीर्षात मुलीचं लग्न. “मांडवात काही झालं तर?” हा प्रश्न वहिनींचा, आणि तो बाजूला सारण्यासारखा नव्हता.

दुसऱ्या डॉक्टरांनी त्यांना जे सांगितलं ते मला पटलं: घाटातला रस्ता अरुंद असणं वेगळं आणि दरड कोसळणं वेगळं. अरुंद रस्त्याने वाहतूक अडते, चढावर आवळतं. स्टेंटने रस्ता रुंद होतो. अटॅक बहुतेक वेळा चरबीचा थर अचानक फुटून त्यावर गुठळी धरल्याने येतो, आणि तो थर कित्येकदा पन्नास टक्क्यांहून कमी अडथळ्याच्या जागी असतो, जिथे कोणी स्टेंट टाकलाच नसता. ती दरड रोखायची तर स्टॅटिन, तंबाखू सोडणं, साखर आणि रक्तदाब. आणि हे सगळ्या वाहिन्यांवर एकाच वेळी काम करतं. स्थिर रुग्णात लग्नाआधी घाईने टाकलेला स्टेंट मांडवात अटॅक येणार नाही याची हमी देत नाही. उलट त्यानंतर निदान सहा महिने रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या एकही दिवस न चुकवता घ्याव्या लागतात, आणि लग्नघरात गोळी चुकते. चुकली तर स्टेंटमध्येच गुठळी होण्याचा धोका असतो.

अण्णांनी स्वतः निर्णय घेतला: तीन महिने गोळ्या, लग्न पार पाडू, मग बघू. बीम उचलायचा नाही ही अट मी घातली. मेहुणा नाराज होऊन गेला.

ते तीन महिने

तंबाखू सगळ्यात जड गेली. पहिल्या आठवड्यात चिडचिड, कारखान्यात कामगारांवर आरडाओरडा. दोन मिलिग्रॅमची निकोटिनची च्युइंगगम दिली. ती तंबाखूसारखी सतत चघळायची नसते, थोडी चावून गालात धरून ठेवायची असते. अण्णा म्हणाले, “गालात धरायची तर चाळीस वर्षांची सवय हाय.” ते जमलं.

सहा आठवड्यांनी एलडीएल ६१. ५५ च्या खाली हवं म्हणून एझेटिमाइब १० जोडली. पुढच्या तपासणीत ४८. लिव्हरच्या चाचण्या नॉर्मल, तो कागद मी त्यांना मुद्दाम वाचून दाखवला. साखरेसाठी मेटफॉर्मिनच्या जोडीला डापाग्लिफ्लोझिन, जेनेरिक आल्यापासून ती परवडते. रक्तदाब १२८/७८.

दुखणं मात्र अर्धंच गेलं. सपाटीवर नाही, पण चढावर आणि जेवणानंतर आठवड्यातून दोनदा तरी. मेटोप्रोलॉल ५० वर ठोके ५४ वर आले, पुढे वाढवायला जागा नव्हती. अम्लोडिपिन दिली तर पायांवर सूज. नायट्रेटची लांब चालणारी गोळी दिली तर डोकं ठणकायचं. औषधांचा पूर्ण प्रयत्न झाला होता, आणि माणूस अजून जिन्यावर थांबत होता.

लग्न झालं. जेवणावळीत मी होतो. पांढरा रस्सा किती घेतला हे मी विचारलं नाही.

तिसरा निर्णय आणि परिणाम

जानेवारीत ठरवून, मुलाच्या कंपनीच्या विम्यातून आधी मंजुरी घेऊन, मनगटातून अँजिओग्राफी. घरच्यांशी आदल्या दिवशी बोलणं झालं होतं: उजवी वाहिनी सीटीप्रमाणेच निघाली तर तिथे एक स्टेंट, एलएडीला नुसत्या नजरेवर हात लावायचा नाही, आधी एफएफआर. यात बारीक तार अडथळ्याच्या पलीकडे नेऊन, औषध देऊन, पलीकडचा दाब अलीकडच्या दाबाच्या किती पट आहे ते मोजतात. ०.८० किंवा खाली आला तर तो अडथळा खरोखर रक्त अडवतो. अण्णांचा आला ०.८६. एलएडी सोडून दिली. उजवीकडे ८५ टक्के, एक औषधवेष्टित स्टेंट. एक रात्र मुक्काम, दुसऱ्या दिवशी घरी.

स्टेंटच्या किमतीबद्दल लोक अजून जुने आकडे सांगतात. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने औषधवेष्टित स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली. तिच्यात पुढे बदल होत आले आहेत, पण लाखाचा स्टेंट हे आता कारण होऊ शकत नाही. बिल फुगतं ते बाकीच्या बाबींत, म्हणून वेगवेगळं मांडलेलं अंदाजपत्रक आधी मागावं. ज्यांचा विमा नाही त्यांनी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतल्या रुग्णालयात चौकशी करावी. तिथेही आधी मंजुरी लागते, आणि ठरवून केलेल्या कामात ती मिळवायला वेळ असतो.

एका आठवड्यात चढावरचं आवळणं गेलं. सहा महिन्यांनी रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्यांतली क्लोपिडोग्रेल थांबवली, ॲस्पिरिन चालू. वर्षाअखेर एलडीएल ४६, एचबीए१सी ७.०, वजन ८४ वरून ७८. तंबाखू लग्नाच्या आठवड्यात एकदा परत आली, मग पुन्हा सुटली. ते दरवर्षी टीएमटी मागतात; तक्रार नसताना मी लिहून देत नाही.

काय वेगळं करता आलं असतं

शिबिरात टीएमटीपेक्षा दोन मिनिटांचं बोलणं जास्त उपयोगाचं ठरलं असतं. काहीही तक्रार नसलेल्या माणसांची सरसकट टीएमटी करायला मार्गदर्शक तत्त्वांचा पाठिंबा नाही, कारण फसवे पॉझिटिव्ह फार निघतात. अण्णांना तक्रार होती; म्हणजे तपासणी योग्य माणसाची झाली, पण चुकीच्या कारणाने. ‘छातीत दुखतं का’ याऐवजी ‘चढावर कुठे थांबावं लागतं का’ असं विचारलं, आणि बायकोला विचारलं, तर फॉर्मवर वेगळं उत्तर आलं असतं.

पहिल्या तज्ज्ञांचं ऐकून ऑगस्टमध्येच स्टेंट टाकला असता तर? शेवटी त्याच जागी तोच स्टेंट पडला, हे मेहुणा आजही ऐकवतो. त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही: पाच महिन्यांचं दुखणं वाचलं असतं. पण त्या दिवशी पॅकेजमध्ये एलएडीच्या ६० टक्क्यांवरही स्टेंट पडला असता असं मला वाटतं, आणि तंबाखू, एलडीएल, साखर यांचा विषय ‘आता ब्लॉक काढला’ म्हणून मागे पडला असता. ज्याला लवकर बरं वाटणं महत्त्वाचं आहे आणि जो औषधं घेणारच आहे, त्याने लवकर स्टेंट निवडला तर मी आडवा येणार नाही. लग्नाची तारीख नसती, तर आम्हीही तिसरा महिना संपायची वाट पाहिली नसती. सहाव्या आठवड्यालाच औषधं अपुरी पडत असल्याचं दिसत होतं.

हृदयरुग्णांसाठी देखरेखीखालचा व्यायाम आमच्या गावात कुठे मिळत नाही. तो मिळाला असता तर ‘किती चाललं तर चालेल’ हे ठरवायला अण्णांना माझ्या फोनवर अवलंबून राहावं लागलं नसतं.

थोरल्या भावाचा मुलगा ३४ वर्षांचा आहे, सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्यात, काम करतो. काकांचं झाल्यावर तोही टीएमटी करायला निघाला होता. त्याला तक्रार काही नाही, ज्योतिबाच्या पायऱ्या न थांबता चढतो. टीएमटी थांबवली, लिपिड, साखर, रक्तदाब तपासला. एलडीएल १६८ निघालं, बाकी ठीक. खाणं आणि चालणं यासाठी तीन महिने दिले आहेत. तेवढ्यात उतरलं नाही तर वडील ज्या वयात गेले ते लक्षात घेऊन त्यालाही स्टॅटिन सुरू करायची, हे त्याच्याशी बोलून ठेवलं आहे.